परदेशातला शनिवारचा गणपती

मा. संपादक,
स.न.वि.वि.

परदेशातली मराठी मंडळं चतुर्थी सोडून शनिवारी गणपती बसवतात, तो ‘सोयीचा सण’ आहे, असं म्हणणारं पत्र आपल्या अंकात वाचलं. तारीख हलली म्हणजे सण बुडाला, हे मला पटत नाही. आपल्याच सांगलीत चोर गणपती चतुर्थीच्या काही दिवस आधी गुपचूप येऊन बसतो. बैलांचा सण बेंदूरही कर्नाटकी वेगळा आणि महाराष्ट्रीय वेगळा, मध्ये एका महिन्याचं अंतर. सण कशावर टिकतो, हे पाहायचं तर उत्तर युरोपातून अमेरिका-कॅनडात गेलेल्यांच्या वंशजांकडे बघावं.

स्वीडनचा मिडसोमार, म्हणजे ऐन उन्हाळ्यातला सण, पूर्वी २४ जूनला असे. १९५३ पासून तो २० ते २६ जूनमधल्या शनिवारी येतो आणि खरी धामधूम आदल्या शुक्रवारी असते. फिनलंडने १९५५ मध्ये तेच केलं. डेन्मार्क-नॉर्वेत मात्र २३ जूनच्या संध्याकाळी होळीसारखा जाळ करतात, तो दिवस अजून हललेला नाही. कॅन्ससमधलं लिंड्सबर्ग हे स्वीडिश लोकांनी वसवलेलं गाव हा सण जूनच्या तिसऱ्या शनिवारी करतं. म्हणजे तारीख मायदेशानेही सुट्टीला बांधली आणि लेकरांनीही.

या सणात उभारायचा खांब मात्र कुणी सोडला नाही. सरळसोट सोललेलं खोड, त्याला आडवी काठी आणि तिच्या दोन टोकांना लोंबणारी दोन कडी. त्यावर पाला-फुलं बांधायची. दिसायला सोपं, पण फसतं इथेच. पाल्याच्या जुड्या एकाच दिशेने, आधीच्या जुडीचे देठ पुढच्या जुडीच्या पानांखाली झाकत, कौलं शाकारतात तशा बसवाव्या लागतात. सुतळी करकचून आवळायची, कारण पाला सुकला की आकसतो आणि सैल जुडी खांब उचलताना घसरून खाली येते. डहाळ्या बांधेपर्यंत पाण्यात ठेवायच्या. स्वीडनच्या डालार्ना भागात खांब उभा करताना लांब वाशांच्या जोड्या शेंड्याजवळ दोराने कातरीसारख्या बांधतात आणि त्यांच्या बेचक्यात खांब पेलतात. एका हाकेसरशी सगळ्यांनी रेटायचं, थांबायचं, जोड्या बुंध्याकडे सरकवायच्या, पुन्हा रेटायचं. एका बाजूने जोर जास्त झाला की खांब कलंडतो. जोतिबाची सासनकाठी तोलताना दोऱ्या धरलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

त्याहून बोलकं उदाहरण कॅनडातल्या गिमलीचं. विनिपेग सरोवराकाठचं हे गाव आइसलंडच्या लोकांनी १८७५ मध्ये वसवलं. त्यांचा ‘आइसलंडकरांचा दिवस’ पहिल्यांदा १८९० मध्ये विनिपेग शहरात झाला आणि १९३२ मध्ये गिमलीला आला. आता तो ऑगस्टच्या पहिल्या सोमवारला जोडून आलेल्या सुट्टीत होतो. १९२४ पासून दरवर्षी समाजातल्या एका कर्त्या बाईला ‘फ्यालकोना’, म्हणजे पर्वताची स्त्री, हा मान देतात. पांढरा पोशाख, हिरवा झगा, डोक्यावर मुकुट. ती लोकांपुढे भाषण करते.

आणि विनारतेर्ता. १८७० नंतर निघालेल्यांनी त्या वेळी आइसलंडमध्ये लोकप्रिय असलेला हा थरांचा केक सोबत नेला. मायदेशात पुढे त्याचं रूप बदलत गेलं, कॅनडात मात्र तो बराचसा तसाच राहिला. बहुधा सात थर. त्यांना साधारण अर्धा किलो मैदा, पाव किलो लोणी, साखर आणि दोन-तीन अंडी. थर बिस्किटासारखे पातळ लाटून वेगवेगळे भाजायचे. मधलं सारण अर्धा-पाऊण किलो सुकवलेल्या बिनबियांच्या आलुबुखारांचं, साखर आणि वेलदोडा घालून आटवलेलं. आपल्या बायका पुरणात डाव उभा राहतो का बघतात, तेवढं ते घट्ट हवं. सैल राहिलं तर थर एकमेकांवरून सरकतात. आणि करून लगेच कापायचा नाही. गुंडाळून दोन-तीन दिवस ठेवला की सारणाचा ओलावा थरांत उतरतो. घाई केली तर थर कडक लागतात आणि सुरीखाली फुटतात. वर साखरेचा लेप द्यावा की नाही, यावर घराघरांत वाद आहे. असे वाद ज्या सणात चालू आहेत, तो सण जिवंत आहे असं मी समजते.

तेव्हा मंडळांना दोष द्यायचा तर शनिवारबद्दल नको, बाहेरून मागवलेल्या मोदकांबद्दल द्यावा. तिकडच्या दुकानातली तांदळाची पिठी बहुतेकदा जुनी आणि कोरडी असते. वाटीला वाटी पाणी घेतलं तर पारी चिरते, म्हणून सव्वा वाटी घ्यावं. उकळत्या पाण्यात चिमूट मीठ आणि चमचाभर तूप घालून पिठी टाकावी, झाकून वाफ आणावी आणि उकड गरम असतानाच तेल-पाण्याच्या हाताने मळावी. गार झाल्यावर मळली तर गुठळ्या राहतात आणि कळ्या पाडताना फाटते. शनिवारी गणपती असेल, तर शुक्रवारी रात्रीच मुलांना परातीभोवती बसवून एक घाणा करून घ्यावा.

आपली,
एक वाचक, गावभाग, सांगली