ऊसतोडीच्या अड्ड्यावरच्या पोरांची वजनं घ्यायला माणसं हवीत (आणि दोन वजनकाटे पण)

नमस्कार मंडळी. दिवाळी झाली की बीड, जालन्याकडनं ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येतात, साखर कारखान्याच्या आसपास त्यांच्या खोप्या पडतात (तोच अड्डा), मार्च-एप्रिलला पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की सगळं परत रिकामं, हे आपण वाळवा तालुक्यातले लोक लहानपणापासून बघतोय. पण त्या खोप्यांत सहा महिने राहणाऱ्या बारक्या पोरांचं वजन या काळात कोण घेतं, हा प्रश्न आपल्या मंडळातल्या कुणाला गेल्या सीझनपर्यंत पडलाच नव्हता, खरं सांगायचं तर मला पण नाही.

झालं काय, की गावाकडच्या अंगणवाडीत पोराचं वजन दसऱ्याच्या आसपास होतं आणि मग थेट उन्हाळ्यात. मधले महिने कार्डावर कोरे. आता हिशोब करा, जूनमध्ये जन्मलेलं पोर मार्चमध्ये नऊ महिन्यांचं होतं म्हणजे गोवर-रुबेलाच्या लसीची वेळ बरोबर अड्ड्यावर येते, आणि ऑक्टोबरात जन्मलेल्याचे सहा, दहा, चौदा आठवड्यांचे डोस तर सगळे इथंच. तिकडची सेविका म्हणते पोर गावात नाही, इकडं म्हणतात आमच्या यादीत नाही. खरंतर पोर जिथं राहतंय तिथल्या अंगणवाडीत त्याचा हक्क आहे, पण आई पहाटे चारला फडात गेलेली, मग ते सांगायला जाणार कोण?

म्हणून यावर्षी आपण नीट अभ्यास करायचं ठरवलंय. दोन अड्ड्यांवरच्या पाच वर्षांखालच्या सगळ्या मुलांचं दर महिन्याला वजन, उंची आणि दंडाचा घेर घ्यायचा. दंडाची ती रंगीत पट्टी असते ना (सहा महिन्यांच्या पुढच्या मुलांसाठी), साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली आलं की लाल, म्हणजे तीव्र कुपोषण, थांबायचं नाही, पोराला घेऊन थेट सरकारी दवाखाना. साडेअकरा ते साडेबारा पिवळं. सोबत घरातली माहिती पण विचारायची, आई किती तास फडात असते, पोराला दिवसभर कोण सांभाळतं (बऱ्याचदा सात-आठ वर्षांची बहीणच, तिची शाळा बुडते ती वेगळीच), पाणी कुठलं, शेवटची लस कधी.

काहीजण म्हणाले, संशोधन हे आपलं काम आहे का. का नाही? पुण्याजवळच्या सहा गावांत 1993 पासून पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधल्या डॉ. याज्ञिकांच्या टीमनं गरोदर बायकांचा अभ्यास केला, त्यात आईचं कष्टाचं काम आणि बाळाचं जन्मावेळचं वजन यांचा संबंध दिसला. डोक्यावर उसाची मोळी घेऊन ट्रॉलीच्या फळीवर चढणारी सात महिन्यांची गरोदर बाई आपण रोज बघतो आणि गाडी पुढं काढतो. गडचिरोलीत तर डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायांना नवजात बाळाचं वजन, ऊब आणि न्यूमोनिया ओळखणं शिकवलं, बाळांचे मृत्यू निम्म्याहून कमी झाले. राज्यातच 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालची 35 टक्के मुलं खुजी (वयाच्या मानानं उंची कमी) निघाली, त्यात अड्ड्यावरची किती धरली गेली असतील देव जाणे.

गेल्या सीझनला आम्ही हौसेनं गेलो तर फजिती झाली. टांगायचा काटा खोपीच्या बांबूला अडकवला तर खोपीच वाकली, मग ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला लावला. डिजिटल काटा पाचटावर हलायचा, म्हणून आता खाली प्लायवूड नेणार. रडणाऱ्या पोराला आईसकट काट्यावर उभं करून मग आईचं वजन वजा केलं, तर एक बाई हसून म्हणाली, उसाची वजनं रोज होत्यात, माझं आज पहिल्यांदाच झालं.

तर हवंय ते असं. दोन चांगले डिजिटल वजनकाटे, लहान बाळांची लांबी मोजायचा एक लाकडी फळा (आपल्या गावच्या सुतारानं मजुरी नको म्हटलंय, लाकूड द्या), दंडाच्या पट्ट्या, नवजात बाळांसाठी उबदार पिशव्या आणि चाळीसेक ब्लँकेट, नवीनच द्या, फाटकी नकोत प्लीज. पैसे दिले तर पावती मिळेल, आणि महिन्याचा हिशोब मंडळाच्या फळ्यावर लागेल.

पैशापेक्षा जास्त हवीत ती माणसं. महिन्यातून दोन रविवार, संध्याकाळी पाच ते आठ, कारण टोळी फडातनं त्याच वेळेला परतते. कॉलेजच्या मुली, रिटायर्ड गुरुजी, नर्सिंग केलेल्या ताई, कुणीही या, वजन घ्यायला एका दुपारीत शिकवतो. अट एवढीच की आई-वडिलांना विचारल्याशिवाय पोराला हात लावायचा नाही, त्यांनी नको म्हटलं तर नको, आणि मोबाईलवर फोटो काढून स्टेटसला टाकायचे तर अजिबात नाहीत. घेतलेलं प्रत्येक वजन आईजवळच्या कार्डावर लिहायचं, म्हणजे उन्हाळ्यात गावी गेल्यावर तिकडच्या सेविकेला मधले महिने दिसतील.

टोळ्यांच्या मुकादमांशी बोलणं झालंय. पहिली मीटिंग येत्या रविवारी सकाळी दहाला मारुती मंदिराच्या सभामंडपात. येताना वही-पेन आणा, आणि घरात जुना पण चालू टॉर्च असेल तर तो पण, अड्ड्यावर लाईट नाही.