हळदीकुंकवाला तिघीच आल्या

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

फोनवर हे मला बोलता आलं नसतं, म्हणून लिहायला बसले आहे. बाबा, जूनमध्ये मी तुमच्याशी बोलले ते चुकलं. वाचनालयवाल्यांनी तुम्हाला २५ जूनच्या कार्यक्रमात आणीबाणीच्या आठवणी सांगायला बोलावलं होतं आणि आदल्या रात्री मी फोन करून म्हटलं, "आता कशाला बाबा? वय झालं. तुमच्या नातवाची नोकरी नवी आहे, कुणी मोबाइलवर काढून फिरवलं तर?" तुम्ही वाद घातला नाहीत. "बरं" म्हणालात आणि त्यांना तब्येतीचं कारण कळवलंत. तेरा महिने जेलमध्ये काढताना ज्या माणसाने खोटं लिहून दिलं नाही, त्याला मी खोटं कारण द्यायला लावलं.

हे माझ्या लक्षात आलं ते तुमच्या लोखंडी ट्रंकेमुळे. घराच्या रंगकामासाठी ती माझ्याकडे आणून ठेवली होती ना, कागदांना वाळवी लागली की काय म्हणून परवा उघडली. आईने तुम्हाला जेलमध्ये पाठवलेली सगळी पत्रं त्यात आहेत, सुतळीने बांधलेली. प्रत्येकावर तपासल्याचा जांभळा शिक्का.

२० जानेवारी १९७६चं निळं आंतरदेशीय. आधी माझं बाळसं, मग दुधाचा रतीब अर्धा केल्याचं, आणि मग साडेतीन ओळी काळ्या शाईने फासलेल्या. पत्र खिडकीच्या काचेला लावलं. काही दिसेना. मग उलट बाजूने बोट फिरवलं. आई, तू बॉलपेन दाबून लिहितेस. अक्षरं उलटी, पण उठलेली. शब्द लावायला मला अर्धा तास लागला: "या वेळी हळदीकुंकवाला तिघीच आल्या. वाणं उरली. वरच्या आळीतल्या बायका मला पाहून रस्ता बदलतात."

एवढंच. त्यात ना कट होता ना कुणाचं नाव. कितीतरी वेळ मी ते पत्र हातात धरून बसले होते. सेन्सॉरवाल्या माणसाला हळदीकुंकवातलं काय खुपलं असेल? मला वाटतं, त्याला नीट कळलं होतं. गावात माणसं घाबरलेली आहेत, हे कुणी कुणाला कळवायचं नव्हतं. सगळं कसं शिस्तीत चाललंय, गाड्या वेळेवर धावताहेत, एवढंच बाहेर दिसायला हवं होतं.

आणि त्या रस्ता बदलणाऱ्या बायकांवर मला रागावताच येईना, कारण पन्नास वर्षांनी मीही तेच केलं. मला तर कुणी धमकावलंही नव्हतं. पोलीस आले नव्हते, साधी नोटीसही नव्हती. मीच मनाशी सगळं रचलं आणि माझ्याच बापाला गप्प बसवलं.

बाबा, तुम्ही कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाबद्दल सांगायचात ते मी लहानपणी अर्ध्या कानाने ऐकत असे. डिसेंबर १९७५. अध्यक्ष दुर्गा भागवत, स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण, म्हणजे केंद्रातले मंत्रीच. आणि दुर्गाबाईंनी भर मांडवात सरकारविरुद्धच्या आंदोलनाचे नेते, आजारी जयप्रकाश नारायण यांच्यासाठी प्रार्थना करायला सांगितली. तुम्ही म्हणायचात, "हजारो माणसं, पण टाचणी पडली तर ऐकू येईल." पुढे त्यांनाही पकडलंच. बाईंच्या हातात होतं काय, तर अध्यक्षीय खुर्ची आणि आवाज. तुम्ही तिथून परतलात आणि आठवड्याभरात सायक्लोस्टाइलची पत्रकं काढायला लागलात.

त्याच ट्रंकेत वर्तमानपत्राची कात्रणंही आहेत. फेब्रुवारी १९७६चं एक आहे: मुंबई उच्च न्यायालयाने संपादक मिनू मसानींच्या प्रकरणात सेन्सॉरला खडसावलं, सरकारवर टीका केली एवढ्यावरून मजकूर अडवता येणार नाही म्हणून. त्याच्या कडेला आईच्या अक्षरात "आता अर्ज करू" असं लिहिलंय. मग २८ एप्रिलचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. मिसाखाली, म्हणजे खटला न चालवता डांबून ठेवायच्या कायद्याखाली, पकडलेल्यांची दाद ऐकता येते, असं नऊ उच्च न्यायालयांनी म्हटलेलं होतं. ते चार विरुद्ध एक असं फिरवलं गेलं. उद्या पोलिसाने माणसाला मारून टाकलं तरी आणीबाणी असेतो कोर्टात जाता येणार नाही का, असं न्यायमूर्ती खन्नांनी विचारलं होतं, आणि सरकारच्या वकिलाने ते कबूल केलं होतं. त्या कात्रणावर आईने काही लिहिलेलं नाही. खन्नांच्या नावाखाली फक्त रेघ ओढली आहे. विरोधात गेलेले ते एकटेच. पुढच्या जानेवारीत त्यांना डावलून दुसऱ्यांना सरन्यायाधीश केलं आणि त्यांनी राजीनामा दिला. आज जगण्याचा हक्क आणीबाणीतही काढून घेता येत नाही. ती दुरुस्ती घटनेत १९७८मध्ये झाली, आणि तो निकाल चुकला होता हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७मध्ये म्हटलं. आई, तू रेघ योग्य नावाखाली ओढली होतीस.

तुझं मला किती कमी माहीत आहे, आई. घरात नेहमी "बाबा जेलमध्ये होते" असंच बोलणं झालं. तू कुठे होतीस? आठ महिन्यांची मी कडेवर, शाळेची अर्धी पगारी नोकरी, आणि पंधरवड्यातून एकदा एसटी बदलत मुलाकातीला जायचं. आत्याचे यजमान तुला सांगून गेले होते ना, इंदिरा गांधींच्या वीस कलमी कार्यक्रमाला पाठिंबा आहे असं बाबांनी लिहून दिलं की लगेच सुटतील? तू मुलाकातीत निरोप दिलास, आणि वर म्हणालीस, "सही करायची तर तुम्हाला पटलं म्हणून करा. माझ्यासाठी करू नका." हे बाबांनी मला एकदाच सांगितलं, माझ्या लग्नाच्या आदल्या रात्री, आणि मग उठून बाहेर गेले.

मी मात्र नातवाचं नाव पुढे करून तुम्हाला थांबवलं. नातवाला परवा सगळं सांगितलं, तर तो माझ्यावरच चिडला. "मला विचारलंस का?" म्हणाला.

तर असं: मी काल वाचनालयात फोन केला. पुढच्या महिन्यातला दुसरा रविवार मोकळा आहे म्हणाले. तारीख धरून ठेवा सांगितलंय, पण हो-नाही तुम्ही दोघांनी ठरवायचं. आम्ही दोघं माय-लेक पहिल्या रांगेत बसू. कुणाला मोबाइलवर काढायचं असेल तर काढू दे.

मी शनिवारी सकाळच्या एसटीने येते, पत्रं घेऊन. आई, त्या रविवारी बंबाची गोष्ट तू सांगायची. पोलीस ओसरीवर बसले होते आणि उरलेली पत्रकं तू बंबात घातलीस, त्याच पाण्याने मला न्हाऊ घातलंस, ती. बाबा सांगतात तेव्हा ती दोन वाक्यांत संपते. ते तेव्हा पोलिसांसमोर बसले होते, न्हाणीघरात तू होतीस.

तुमची,
छोटी