पडद्यावरचा उजेड कोण बघणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला वर्षभरातल्या चित्रपटांवरचा पानभर लेख वाचला. काल दिवसभर तो डोक्यातून गेला नाही, म्हणून आज सकाळी चहा झाल्या झाल्या लिहायला बसलो. लेखकानं 'दशावतार' या मराठी सिनेमाला अडीच तारे दिले, याबद्दल माझं काही म्हणणं नाही. तारे ज्यानं त्यानं आपल्या मनानं द्यावेत. पण छायाचित्रण अंधारलेलं आहे आणि रात्रीचे प्रसंग डोळे ताणूनही दिसत नाहीत, असं जे त्यांनी लिहिलं आहे, त्याला माझी हरकत आहे. तो दोष सिनेमाचा नाही, पडद्यावर पडणाऱ्या उजेडाचा आहे. आणि हे मी अंदाजानं बोलत नाही.

मी इथं कोल्हापुरात तीस वर्षं टॉकीजच्या केबिनमध्ये, म्हणजे सिनेमा दाखवायच्या मशीनच्या खोलीत, काढली आहेत. मशीनच्या उजेडासाठी आधी कार्बनच्या कांड्या जाळल्या, मग झेनॉनचे दिवे आले ते चालवले. रिळांच्या पेट्या यायच्या बंद झाल्या त्या वर्षी घरी बसलो. तेव्हापासून सिनेमा खुर्चीत बसून बघतो, पण नजर आधी पडद्याच्या चार कोपऱ्यांकडे जाते. ती सवय जात नाही.

'दशावतार' मी दोनदा पाहिला. पहिल्यांदा इथं, एका मल्टिप्लेक्सच्या चार नंबरच्या पडद्यावर. जाहिराती सुरू झाल्या तेव्हाच मला कळलं. साबणाच्या जाहिरातीतला पांढरा रंग पांढरा नव्हता, जुन्या धोतरासारखा पिवळट होता. मधोमध तेवढा उजेड आणि कोपरे मेलेले. दिव्याचे तास भरले की असं होतं. दिवा आरशासमोर नीट बसवलेला नसला तरी होतं. केबिनची काच महिनोन्‌महिने पुसली नाही किंवा थ्रीडीच्या खेळासाठी भिंगासमोर लावलेली काच काढायची राहून गेली, तरीही होतं. पडद्यावर किती उजेड पडला पाहिजे याचं माप ठरलेलं आहे. डिजिटलला ते १४ फूट-लॅम्बर्ट (पडद्यावरचा उजेड मोजायचं एकक) आहे, आणि ते मोजायचं यंत्र हातात मावतं. त्या दिवशी पडद्यावर त्याच्या निम्मा तरी उजेड होता की नाही, मला शंका आहे.

आता सिनेमा कशाचा आहे ते बघा. दशावतार हा रात्रीचा खेळ. कोकणातल्या जत्रेत रात्री उभा राहतो आणि पहाटेपर्यंत चालतो. नट आपलं तोंड आपण रंगवतात. सुबोध खानोलकरांच्या या सिनेमात दिलीप प्रभावळकर बाबुली मेस्त्री झाले आहेत, नजर अधू होत चाललेला म्हातारा दशावतारी. सिनेमा आला तेव्हा प्रभावळकरांचं वय ८१. या वयात त्या माणसानं एवढं काम केलं, एवढा रंग तोंडाला लावला, आणि आम्ही तो राखाडी चिखलातून बघितला. झाडी, अंधार आणि माणूस यांत फरकच कळेना. मध्यंतरात मी उठून बाहेर गेलो. काउंटरवरच्या पोराला म्हणालो, "बाळा, चार नंबरला दिवा उतरलाय, केबिनमध्ये कुणाला तरी सांग."
तो म्हणाला, "काका, पिक्चरच तसा हाय."
"पिक्चर तसा नाही. जाहिरातसुद्धा पिवळी दिसत होती."
"केबिनमध्ये कोण नसतंय काका. सगळं कॉम्प्युटरवर सेट असतंय. आमाला हात लावायची परवानगी न्हाई."

पोराचा दोष नाही. त्याला कुणी शिकवलेलंच नाही. मॅनेजर साहेब मात्र आले नाहीत. मी नाव आणि नंबर लिहून दिला, त्याला आता कित्येक आठवडे झाले.

दुसऱ्यांदा पाहिला तो पुण्याला मुलीकडे गेलो तेव्हा. तोच सिनेमा. रात्र रात्रच होती, काळीकुट्ट, पण त्या काळ्यात झाडाचं पान न्‌ पान सुटं दिसत होतं आणि तोंडावरच्या रंगाखालच्या सुरकुत्या वाचता येत होत्या. मी मुलीचा हात धरून बसलो. कोल्हापुरात जे बघायचं राहिलं होतं ते शेवटी दिसलं. आपल्या लेखकानं सिनेमा कुठल्या पडद्यावर पाहिला, ते लेखात नाही. माझी खात्री आहे, असाच कुठला तरी चार नंबर असणार.

मी केबिनमध्ये लागलो तेव्हा आमचे हेड ऑपरेटर होते, त्यांना सगळे अण्णा म्हणायचे. कार्बनच्या दोन कांड्या, मध्ये ठिणगीचं अंतर, आणि ते अंतर सारखं सांभाळायचं. कांडी जळत जाते, पॉझिटिव्ह लवकर जळते, काळ्या काचेतून बघत बघत ती हातानं पुढं सरकवायची. विसरलात की अंतर वाढतं आणि पडदा पिवळा पडतो, मग तांबूस, मग विझतो. जोडीला रिळं. वीसेक मिनिटांत एक रीळ संपायचं, उजव्या कोपऱ्यात वर ठिपका दिसला की दुसऱ्या मशीनची मोटर चालू करायची, पुढच्या ठिपक्याला बदली मारायची, म्हणजे पडद्यावर दुसऱ्या मशीनचं चित्र आणायचं. हे तीन तास, दिवसाला चार खेळ. पहिल्याच वर्षी एकदा संध्याकाळच्या खेळाला मी दाराशी कुणाशी तरी बोलत उभा राहिलो. पडदा उतरला. खाली पिटातून, म्हणजे पडद्याजवळच्या स्वस्त रांगांतून, एकच ओरडा, "ए लाइट! लाइट बघ की!" शिट्ट्या, खुर्च्यांचा खडखडाट. मी धावलो, कांड्या जुळवल्या. खेळ सुटल्यावर अण्णांनी मला बसवलं आणि शांतपणे सांगितलं, "पडद्यावर त्वांड काळं दिसलं, की पब्लिक नटाला शिव्या देतंय, तुला न्हवं. तुझं पाप त्येच्या डोसक्यावर. ध्यानात ठेव." पुढच्या तीस वर्षांत मी खेळ चालू असताना केबिनच्या दारात उभा राहिलो नाही.

रविवारचा लेख वाचताना मला अण्णांचं तेच बोलणं आठवलं. पाप दिव्याचं, शिव्या छायालेखकाला.

कोल्हापूरचं पब्लिक पडद्यासाठी ओरडायचं, हे मला आज मोठं वाटतं. फोकस गेला, आवाज फुटला, उजेड उतरला, की खालून आरोळी. तोच आमचा तपासनीस. आता अडीचशे रुपयांचं तिकीट काढून लोक गप्प बसतात आणि घरी जाऊन फोनवर लिहितात, पिक्चर डार्क आहे. ज्या गावात बाबूराव पेंटरांनी स्वतः कॅमेरा तयार केला, १९२३ च्या 'सिंहगड' या मूकपटासाठी कृत्रिम प्रकाश वापरून चित्रण केलं, त्या गावात उजेडासाठी कुणी ओरडत नाही. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचं स्मारक आहे, तिथं आपण हार घालतो. हार जरूर घालावा. पण त्या माणसानं आयुष्यभर ज्या गोष्टीचा ध्यास घेतला, तो उजेड पडद्यावर नीट पडतोय की नाही, हेही बघितलं पाहिजे.

लेखात 'छावा' या हिंदी सिनेमाबद्दल पुष्कळ आहे, त्यात भर घालत नाही. शेवटचा भाग माझ्याच्यानं नीट बघवला नाही, मान खाली घालून बसलो होतो. पण एक सांगतो. 'छावा' मी त्याच मल्टिप्लेक्समध्ये, एक नंबरच्या मोठ्या पडद्यावर पाहिला. तिथं पडदा कोपऱ्यापर्यंत लखलखीत होता. म्हणजे यांना येतं. चांगला दिवा गर्दीच्या पडद्याला आणि थकलेला दिवा मराठीला, असा हिशेब असेल तर तो मला मान्य नाही. तिकिटात उजेडाचे पैसे कमी घेत नाहीत.

'साबर बोंडं'ला आपल्या लेखकानं दोन ओळींत 'संथ' म्हणून सोडून दिलं. रोहन कानवडे यांच्या या सिनेमाला अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात जागतिक कथापटांच्या विभागात परीक्षकांचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला, म्हणून सगळ्यांना तो आवडलाच पाहिजे असं नाही. बाप गेल्यावर मुंबईचा मुलगा दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी येतो आणि लहानपणीच्या मित्राजवळ त्याला आसरा मिळतो. दोन पुरुषांच्या प्रेमाची गोष्ट आहे. माझ्या वयाच्या माणसाला सुरुवातीला अवघड गेलं, खोटं कशाला बोलू. पण सुतकातल्या घराची ती शांतता, येणारे-जाणारे नातेवाईक, लग्नाची तीच ती विचारणा, यात मला माझ्या वडिलांचे दहा दिवस दिसले. आई आणि मुलगा एकमेकांजवळ नुसते बसतात, तेव्हा मला घशाशी दाटून आलं. आणि नेमक्या अशाच वेळी शेजारच्या पडद्यावरच्या मारामारीचा धडधडाट भिंतीतून येत होता. खुर्ची हादरत होती. शांततेवर उभा असलेला सिनेमा, आणि शांतताच ऐकू देत नाहीत. मग तो संथ वाटला तर नवल काय? आमच्या जुन्या टॉकीजमध्ये एकच पडदा होता, शेजारी दुसरा सिनेमाच नसायचा. भिंती जाड करायला पैसे लागतात, कबूल. पण निदान दोन्हीकडचा आवाज तरी बघायला माणूस हवा ना.

'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट' नातीनं लॅपटॉपवर दाखवला. छाया कदम यांची पार्वती मुंबईतलं घर सोडून रत्नागिरीकडच्या आपल्या गावी परत जाते, तिथल्या समुद्राचा उजेड लॅपटॉपवरसुद्धा कळतो. फ्रान्समधल्या कान महोत्सवात ग्राँ प्री हा मोठा पुरस्कार मिळालेला हा सिनेमा मला गावात पडद्यावर बघता आला नाही, याची चुटपुट राहिली.

'आता थांबायचं नाय'चा उल्लेख लेखात नाहीच, हे मला सगळ्यात जास्त लागलं. मुंबई महापालिकेचे सफाई कामगार रात्रशाळेत जाऊन दहावी करतात, खरी घडलेली गोष्ट, शिवराज वायचळ यांचं दिग्दर्शन. मी स्वतः नववीत शाळा सोडली आणि केबिनमध्ये लागलो. सिद्धार्थ जाधव आणि भरत जाधव यांना त्या बाकांवर बसलेलं बघून काय वाटलं ते लिहिता येणार नाही. सकाळी पावणेदहाचा खेळ, आम्ही अकरा माणसं. शेवटची नामावली सुरू झाली आणि दिवे लावले. दारात झाडू-बादली घेऊन दोन बायका उभ्या होत्या, पुढच्या खेळाआधी त्यांना सगळं आवरायचं होतं. मी त्यांना विचारलं, "मावशी, हा सिनेमा बघितलासा का?" त्यातली एक म्हणाली, "शेवटचं तेवढं रोज बघतो की, पाटी पडताना." तुमच्यासारख्यांवरच सिनेमा आहे म्हणून सांगितलं, तर दोघी खुर्च्यांमध्ये वाकलेल्या उभ्या राहिल्या आणि पडद्याकडे बघायला लागल्या. तोवर नामावली बंद केली होती. ज्यांनी सिनेमा केला त्यांची नावंसुद्धा पूर्ण दाखवायची नाहीत, ही कुठली रीत? आम्ही फिल्मचं शेवटचं फूट संपल्याशिवाय मशीनचा दिवा बंद करत नव्हतो.

संपादक साहेब, माझी विनंती एवढीच आहे की आपल्या समीक्षकांनी सिनेमा कुठल्या पडद्यावर पाहिला, तिथं उजेड आणि आवाज कसा होता, हे परीक्षणात दोन ओळी लिहावं. खाणावळीबद्दल लिहिताना आपण ताट कसं होतं तेही लिहितो. छापून आलं की मॅनेजर दिवा बदलतो, हे मी अनुभवानं सांगतो. समीक्षकांना गरज असेल तर मी सोबत यायला तयार आहे, कुठल्याही खेळाला, स्वतःच्या तिकिटानं.

जाता जाता आणखी एक. आपल्या अंकात शेवटून दुसऱ्या पानावर शहरातल्या सगळ्या चित्रपटगृहांच्या खेळांच्या वेळा असलेला चौकोन यायचा. तो बंद का केला? मोबाईलवर सगळं मिळतं असं आपल्या कार्यालयातून फोनवर सांगण्यात आलं. मिळत असेल, पण आमच्या गल्लीत निम्म्या लोकांना त्या मोबाईलवर वेळ शोधता येत नाही, आणि मराठी सिनेमाची वेळ तर दर दोन दिवसांनी हलते. शेजारच्या काकूंना 'साबर बोंडं' बघायचा होता. त्या रोज सकाळी आपला अंक उघडून तो चौकोन शोधत होत्या. मी चौकशी करून त्यांना वेळ सांगितली, तेव्हा सिनेमा उतरून दोन दिवस झाले होते.

आपला,
एक निवृत्त ऑपरेटर
शिवाजी पेठ, कोल्हापूर