बेचाळीस अंशांवरच्या स्लाइडबद्दल आभार

आदरणीय मॅडम,

सादर प्रणाम.

माझा प्रबंध गेल्या आठवड्यात सादर झाला. त्यातील ऋणनिर्देशाच्या पानावर आपल्या वाट्याला एकच ओळ आली आणि त्या ओळीत ‘तांत्रिक साहाय्य’ एवढेच शब्द बसले. ते मला फार अपुरे वाटले, म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे. यीस्टच्या केंद्रकातून संदेशवाहक आरएनए, म्हणजे प्रथिन कसे बनवायचे याचा जनुकाकडून निघालेला संदेश, बाहेर कसा पडतो, या प्रश्नावर नव्याने काम सुरू करणाऱ्या एखाद्याच्या हाती ते पडले तर त्याचे दोन-तीन महिने वाचतील, असाही थोडा हेतू आहे.

आपण दुसऱ्या विभागात होता आणि माझ्या कामाशी आपला काहीही संबंध नव्हता. सूक्ष्मदर्शकाची पाळी आपली होती आणि मी दारात उभी राहून ताटकळत होते, एवढीच आपली ओळख. तरीही आपण माझी छायाचित्रे मागून घेतलीत. मी नियंत्रण पेशींचे, म्हणजे कोणताही जनुकीय बदल नसलेल्या यीस्टचे चित्र पुढे केले आणि केंद्रक किती स्वच्छ काळे, रिकामे दिसते आहे, सगळा आरएनए कसा बाहेर गेला आहे, असे अभिमानाने सांगितले. आपण काही न बोलता त्याच पेशींचे डॅपी या रंगाचे चित्र शेजारी उघडलेत. डीएनए दाखवणारा निळा ठिपका त्या काळ्या भोकात नव्हताच, तो त्याच्या बाजूला होता. मी ज्याला केंद्रक समजत होते ती रिक्तिका, म्हणजे पेशीतील द्रव साठवणारी पिशवी होती. माझ्या वहीत त्या ‘रिकाम्या केंद्रकां’ची मोजणी चार पाने भरून होती, हे मी तेव्हा आपल्याला सांगितले नाही, आज सांगते.

माझा प्रयोग तसा जुन्या धाटणीचा होता. यीस्टमध्ये पेशीविभाजनाच्या वेळीही केंद्रकाचे आवरण टिकून राहते, त्यामुळे प्रत्येक संदेशाला पेशीद्रवातील प्रथिने बनवणाऱ्या रायबोसोमपर्यंत पोचण्यासाठी आवरणातील छिद्रांमधूनच जावे लागते. सुमारे ३० प्रकारच्या प्रथिनांच्या शेकडो प्रतींनी बांधलेल्या या छिद्रांतून संदेशाला पार नेण्याचे काम मुख्यतः मेक्स६७ हे प्रथिन, एमटीआर२ या आपल्या जोडीदारासह करते. हायडेलबर्ग येथील एड हर्ट यांच्या प्रयोगशाळेने १९९७ मध्ये मेक्स६७ची ओळख करून दिली. नावातील आकडा हा त्याच्या किलोडाल्टनमधील वजनाचा आहे. त्याचे जनुक काढून टाकले तर पेशी जगत नाही, म्हणून २५ अंशांवर नीट वाढणारा आणि ३७ अंशांवर काही मिनिटांतच आरएनए केंद्रकात अडकवून ठेवणारा मेक्स६७-५ हा स्ट्रेन वापरतात. आरएनएच्या टोकाला असलेल्या ए या अक्षराच्या लांब शेपटीला चिकटणारी, चमकता रंग जोडलेली टी अक्षरांची साखळी पेशीत सोडायची आणि चमक कुठे साठते ते पाहायचे, इतके ते साधे आहे.

साधे असूनही माझे उत्तर येत नव्हते, कारण खरे केंद्रक ओळखता आल्यावर मेक्स६७-५ प्रमाणेच निरोगी नियंत्रण पेशींमध्येही चमक केंद्रकात साठलेली दिसत होती. नियंत्रणच बिघडले तर प्रयोगाला अर्थ उरत नाही, म्हणून मी रंग बदलला, पेशीभित्तिका विरघळवणाऱ्या एन्झाइमची वेळ बदलली, पाण्याची बाटलीसुद्धा बदलली. आपण वॉटर बाथपाशी गेलात, खणातून काचेचा थर्मामीटर काढलात आणि पाण्यात बुडवून धरलात. बाथच्या पडद्यावर ३७ हा आकडा होता. पारा ४२ वर येऊन थांबला.

माझी तत्काळ प्रतिक्रिया त्या स्लाइड कचऱ्यात टाकण्याची होती. आपण माझा हात थांबवलात आणि पुढचा पाऊण तास जे समजावलेत त्यावर माझ्या प्रबंधाचे तिसरे प्रकरण उभे आहे. ४२ अंशांवर निरोगी यीस्ट आपण होऊनच नेहमीचे संदेश आत रोखून धरते आणि उष्णतेच्या धक्क्यात लागणारी प्रथिने बनवणारे संदेश, उदाहरणार्थ एसएसए४चे, बाहेर जाऊ देते. माझी टी-साखळी शेपटी पाहते, शेपटीमागचा संदेश कोणता आहे ते तिला कळत नाही; त्यामुळे बाहेर पडणारे थोडे संदेश त्या अडकलेल्या गर्दीपुढे दिसणारच नव्हते. पुढे मी एसएसए४साठी वेगळा प्रोब, म्हणजे फक्त त्याच संदेशाला चिकटणारी चमकती साखळी वापरली आणि ती खरोखरच पेशीद्रवात चमकली. एवढा आनंद मला पदवी मिळाल्याचाही झाला नव्हता.

त्याच पाऊण तासात आपण हातमोज्यांच्या रिकाम्या खोक्यावर पेन्सिलने एक छिद्र काढलेत. संदेशाला छिद्रातून ढकलणारी एखादी मोटर असणार, असे मी गृहीत धरले होते. आपण खोक्यावर कुठेही मोटर काढली नाहीत. छिद्राच्या आत फेनिलअॅलॅनिन आणि ग्लायसीनच्या जोड्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या प्रथिनांचे सैल धागे असतात, मेक्स६७ त्यांच्याशी हलके चिकटत-सुटत पुढे-मागे दोन्हीकडे जाऊ शकते, आणि पेशीद्रवाच्या बाजूला डीबीपी५ हे प्रथिन छिद्राच्याच एनयूपी१५९ या प्रथिनाला धरून बसलेले असते. आयपी६ हा लहान रेणू बाळगणारे जीएलई१ हे प्रथिन त्याला चालना देते, एटीपी हे पेशीचे इंधन खर्च होते आणि बाहेर डोकावलेल्या संदेशावरून मेक्स६७ उतरवले जाते. मेक्स६७ उतरले की संदेशाचा परत आत जायचा परवाना गेला, असे आपण म्हणालात. ऊर्जा खर्च होते ती बाहेरच्या उंबऱ्यावर, हे मी त्याआधी अनेकदा वाचले होते. समजले ते त्या खोक्यावरून.

बाकीच्या सूचना छोट्या होत्या, पण त्यांनीच आकडे सुधारले. २५ अंशांवरील पेशींमध्ये तेवढेच, ४९ अंशांवर गरम केलेले माध्यम ओतले की मिश्रण तत्क्षणी ३७ वर येते, फ्लास्क तापण्याची वाट पाहावी लागत नाही. फॉर्मॅल्डिहाइड थेट फ्लास्कमध्येच घालायचे. आधी सेंट्रिफ्यूज करायला गेलो तर तेवढ्या वेळात पेशी खोलीच्या तापमानावर येतात आणि मग आपण नेमके काय मोजतो आहोत ते सांगता येत नाही. आणि केंद्रकात चमक वाढली म्हणजे वाट बंद झाली असे लगेच लिहायचे नाही, कारण स्थिर चित्रातून साठा दिसतो, वेग दिसत नाही. हे शेवटचे वाक्य परीक्षकांनी मला प्रश्न म्हणून विचारले, तेव्हा मी आपल्याच शब्दांत उत्तर दिले आणि आपले नाव सांगायचे राहून गेले. त्याबद्दल क्षमस्व.

प्रयोगशाळा रिकामी करताना बाकीच्या स्लाइड मी टाकल्या. ४२ अंशांची ती पहिली स्लाइड मात्र खोक्यात आहे, आणि तिच्यावर आपल्या अक्षरातली ‘टाकू नये’ ही चिठ्ठी अजून चिकटलेली आहे.

आपली कृतज्ञ,
सूक्ष्मदर्शकाच्या दारात उभी राहिलेली विद्यार्थिनी