सुजयला पत्र: ऋतुजाचं बाळंतपण कुठे करायचं

जेल रोड, नाशिक रोड

चि. सुजय,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू त्या खाजगी हॉस्पिटलचं बाळंतपणाचं पॅकेज सांगितलंस, खोलीला एसी आहे म्हणालास, सोबतच्या माणसाला वेगळा बेड आहे म्हणालास, आणि मी "बघू" म्हणून फोन ठेवला. तुला वाटलं असेल आईला पैसे जास्त वाटले. पैशांचा प्रश्न नाही रे. तू गाडी चालवत असतोस, मागून हॉर्न वाजत असतात, आणि माझं सांगायचं ते अर्धं राहून जातं. म्हणून लिहिते आहे. माझी सगळी नोकरी सरकारी दवाखान्याच्या लेबर रूममध्ये गेली. त्यात जे कळलं ते सुनेच्या वेळी नाही सांगायचं तर कधी? सावकाश वाच, आणि ऋतुजालाही वाचायला दे.

तू रिपोर्ट पाठवलेस ते मी नीट पाहिले. हिमोग्लोबिन 9.6 आणि रक्तगट बी निगेटिव्ह. गरोदरपणात 11 च्या खाली आलं की रक्त कमी धरतात. 9.6 ला घाबरण्याचं कारण नाही, लोहाच्या गोळ्या रोज घेतल्या तर दोन महिन्यांत वाढेल. गोळी चहाबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेऊ नये, लिंबूपाण्याबरोबर घ्यावी, हे तिला सांग. पण बाळंतपणात प्रत्येकीच्याच अंगावरून रक्त जातं, आणि मुळात रक्त कमी असलेल्या बाईला तेवढंच जाणंसुद्धा सोसत नाही. त्यात हा निगेटिव्ह गट. तू पॉझिटिव्ह आहेस, म्हणजे बाळ पॉझिटिव्ह असू शकतं. अशा वेळी बाळाच्या रक्ताविरुद्ध आईच्या अंगात प्रतिद्रव्यं तयार होऊ नयेत म्हणून 28 आठवड्यांच्या सुमारास अँटी-डीचं इंजेक्शन देतात, आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर बाळंतपणानंतर 72 तासांच्या आत पुन्हा. पुण्याच्या डॉक्टरांनी पहिलं दिलं आहे का, ते आजच विचार. आणि बी निगेटिव्हची पिशवी ऐन वेळी मागितली की लगेच हातात पडते असं धरून चालू नकोस.

म्हणून मला पॅकेजच्या कागदावर नसलेलं सगळं आधी कळायला हवं. रात्री दोन वाजता त्या इमारतीत कोण असतं? मोठ्या डॉक्टरबाई वरच्या मजल्यावर राहतात की गंगापूर रोडहून येतात? त्या येईपर्यंत ऋतुजाजवळ कोण, आणि ती शिकलेली सिस्टर आहे की नुसता पांढरा ड्रेस घातलेली मुलगी? भूल देणारे डॉक्टर तिथलेच आहेत की फोन करून बोलवतात? बहुतेक छोट्या हॉस्पिटलांना ते बोलवावेच लागतात, एकच माणूस शहरभर फिरत असतो. त्या वेळी तो दुसऱ्या टेबलावर असला तर काय करतात, हे विचारायला लाजू नकोस. बाळाचे डॉक्टर जन्माच्या वेळी हजर असतात का? बाळ रडलं नाही तर त्याला श्वास द्यायचं काम पहिल्या मिनिटात सुरू व्हावं लागतं. बाळाचे डॉक्टर पंधरा मिनिटांनी आले तर तोवर ते काम तिथल्या सिस्टरला आलं पाहिजे. रक्त कुठून आणतात, आणायला कोण जातं? आणि जड झालं तर पुढे कुठे पाठवतात? या शेवटच्या प्रश्नाला जे डॉक्टर सरळ उत्तर देतात, नाव घेऊन सांगतात, त्यांच्यावर माझा विश्वास बसतो. "तशी वेळ येतच नाही आमच्याकडे" असं म्हणणाऱ्यांपासून लांब राहा.

असं का म्हणते ते सांगते. आमच्याकडे रात्री-अपरात्री खाजगीतून पाठवलेल्या बायका यायच्या. एक मला अजून तशीच्या तशी दिसते. पंचविशीची पोर, ओठ पांढरे फटक पडलेले, साडी खालून पूर्ण भिजलेली. बरोबर चिठ्ठी होती, तिच्यावर एकच ओळ: पुढील उपचारांसाठी पाठवत आहे. बाळ किती वाजता झालं, वार पूर्ण पडली का, कुठलं इंजेक्शन दिलं, किती वाजता दिलं, काही नाही. मी नवऱ्याला विचारतेय, तो बिचारा हातात औषधांची पिशवी धरून उभा, त्याला काय माहीत? रिकाम्या बाटल्या त्याच्याच पिशवीत मिळाल्या, त्यावरून आम्ही अंदाज बांधला. दोन्ही हातांना सलाईन, एकीने पोटावर हात ठेवून गर्भपिशवी चोळत बसायचं, एकीने भिजलेले कपडे मोजून ठेवायचे, डॉक्टर पोचलेले, रक्तपेढी आमच्याच आवारात. ती वाचली. रक्तपेढी शहराच्या दुसऱ्या टोकाला असती तर वाचली नसती, एवढं मला नक्की माहीत आहे. ते हॉस्पिटल वाईट होतं असंही नाही, तिथे शेकडो बाळंतपणं सुखरूप झाली असतील. पण जास्त रक्त जाईल की नाही हे आधी कळत नाही. धडधाकट बाईलाही होतं, आणि झालं की तास-दोन तासांत सगळा खेळ होऊन जातो.

तू म्हणालास, खाजगीत निदान सिझर लगेच होतं. हो, होतं, आणि गरज असेल तेव्हा सिझरने बाईही वाचते आणि बाळही. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे 2019-21 चे आकडे बघ. देशभरात खाजगीतल्या शंभरातल्या 47 बायकांचं सिझर होतं, सरकारीत शंभरातल्या 14 जणींचं. बायकांची शरीरं दवाखान्याचा दरवाजा बघून बदलत नाहीत. याला लोक सरसकट पैशाचा हव्यास म्हणतात, ते मला पटत नाही. पहिलटकरणीच्या कळा बारा-चौदा तास सहज चालतात. दिवसभर ओपीडी करून एकट्या डॉक्टरबाईंनी रात्रभर तिच्याजवळ कसं बसायचं? भूलवाले संध्याकाळी सहाला मोकळे आहेत आणि मध्यरात्री मिळतीलच असं नाही, मग सहालाच निर्णय होतो. नातेवाईकही मागे लागलेले असतात, किती वेळ तिला त्रास, एकदाचं करून टाका. सरकारीत पाळीला पाळी लागून सिस्टर बदलतात, डॉक्टर बदलतात, त्यामुळे वाट बघायला माणसं असतात. त्याची दुसरी बाजूही मी पाहिली आहे, गर्दीत वाट बघणं कधी कधी लांबतं आणि बाळाचे ठोके जितक्या वेळा ऐकायला हवेत तितक्या वेळा ऐकले जात नाहीत. म्हणून ठोके किती वेळाने ऐकता, कळांचा तक्ता भरता का, हे दोन्हीकडे विचारायचं.

आता सरकारीचं. तुझे काका म्हणाले की एकुलत्या एका सुनेला सिव्हिलमध्ये घातलं तर लोक काय म्हणतील. लोकांनी काय म्हणायचं ते म्हणू देत. त्र्यंबक रोडच्या जिल्हा रुग्णालयात सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, इगतपुरीपासून बायका येतात, सगळ्यात अवघड केसेस शेवटी तिथेच येतात, आणि अवघड बाळंतपणं रोज करणारे हात तिथे आहेत. रक्तपेढी तिथे आहे, आजारी आणि कमी दिवसांच्या नवजात बाळांचा कक्ष तिथे आहे. खर्चाचं म्हणशील तर जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम 2011 पासून आहे. सरकारी दवाखान्यात नॉर्मल असो की सिझर, औषधं, तपासण्या, रक्त, जेवण, घरून नेणं आणि परत सोडणं, सगळं मोफत. नॉर्मलला तीन दिवस जेवण, सिझरला सात. त्याला पिवळं-केशरी रेशनकार्ड लागत नाही, ते प्रत्येक बाईसाठी आहे. तू कमावतोस म्हणून ते तुझं नाही असं समजू नकोस, कर तूही भरतोस.

पण जे वाईट आहे तेही ऐक, कारण ऋतुजाला तिथे राहायचं आहे, मला नाही. सरकारी वॉर्डात गर्दीच्या दिवसांत एका कॉटवर दोन बाळंतिणी मी पाहिल्या आहेत. संडास-बाथरूमची स्वच्छता पाळीवर कोण आहे त्यावर असते. पडदा असतो, पण तो ओढलेला असेलच असं नाही. आणि बोलणं. कळा देणाऱ्या मुलीला "ओरडू नकोस, आधी कळत नव्हतं का" असं बोलणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत, आणि त्याचा मला आजही संताप येतो. थकवा समजू शकते, रात्रपाळीला एकीवर किती जणींचा भार असतो ते मी भोगलं आहे, पण त्या वेळी ऐकलेलं वाक्य बाई आयुष्यभर विसरत नाही. सोबतीला घरची बाई असली की हे बरंच कमी होतं. सरकारी लेबर रूममध्ये बरोबर एक बाई थांबू शकते, केंद्राने 2016 मध्ये तशी परवानगी दिलेली आहे. पुरुषाला मात्र आत घेणार नाहीत, इतर बायका असतात. तुला आत थांबायचं असेल तर तेवढं एक खाजगीत मिळू शकतं, आणि ती काही छोटी गोष्ट नाही.

माझं मत विचारशील तर ऋतुजाचा रिपोर्ट बघता तू निवडलेलं ते दुमजली हॉस्पिटल या बाळंतपणाला नको. रक्तगट पॉझिटिव्ह असता, हिमोग्लोबिन 12 असतं, तर मी एवढं अडवलं नसतं. तिला रक्तपेढी, भूल देणारे डॉक्टर आणि बाळांचा कक्ष एका छताखाली हवा. म्हणजे एक सिव्हिल, नाहीतर आडगावचं मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल. आडगावला फी द्यावी लागेल, पण शिकाऊ डॉक्टर चोवीस तास असतात आणि वर मोठे डॉक्टर असतात. शिकाऊ म्हणून नाक मुरडू नकोस, रात्री उठून वॉर्डात येणारे तेच असतात. मोठ्या खाजगी हॉस्पिटलमध्ये करायचं असेल तरी माझी हरकत नाही, वरचे सगळे प्रश्न विचारून ये आणि उत्तरं मला सांग. दरपत्रक मागून घे. 2021 च्या नियमांप्रमाणे ते दर्शनी भागात लावायलाच हवं. पॅकेजमध्ये बाळाच्या डॉक्टरांची फी, काचेच्या पेटीचे रोजचे पैसे आणि रक्ताची पिशवी धरली आहे का ते वाचून बघ, बिल बहुतेक तिथेच फुगतं. कंपनीच्या विम्यात बाळंतपणाला वेगळी मर्यादा असते, तीही आत्ताच विचारून ठेव. महापालिकेचं बिटको हॉस्पिटल आपल्या घराजवळ आहे, पण निगेटिव्ह रक्ताची आणि बाळाची रात्रीची सोय काय आहे ते मी स्वतः जाऊन विचारल्याशिवाय त्याचं नाव घेणार नाही.

कुठेही ठरलं तरी सिव्हिलला तिचं नाव घालून ठेवू. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची मोफत तपासणी असते, त्या दिवशी मी तिला घेऊन जाईन. केसपेपर असला, त्यांनी एकदा तपासलेलं असलं, की रात्री अचानक गेल्यावर पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही.

आणि सुजय, या सगळ्यात ऋतुजा काय म्हणते ते तू मला एकदाही सांगितलं नाहीस. मागच्या वेळी ती इथे आली होती तेव्हा भांडी पुसता पुसता मला म्हणाली, "आई, मला अनोळखी माणसांसमोर कपडे काढायची फार भीती वाटते." पॅकेजचं ती बोलली नाही, एसीचंही नाही. ही भीती खरी असते, भीतीने कळा मंदावतात सुद्धा. तिला शेजारी बसवून विचार की तिला कोण जवळ हवं आहे, कशाची धास्ती वाटते. तिची आई घोटीहून आपल्याकडे राहायला यायला तयार आहे, माझं त्यांच्याशी बोलणं झालं. पावसाळ्यात घोटी-इगतपुरीकडे तिला ठेवायचं नाही हे त्यांनाही पटलं आहे. ऋतुजा इथे आली की मी तिला सिव्हिल आणि आडगाव दोन्हीकडचा वॉर्ड आतून दाखवून आणीन. बघून ती जे म्हणेल ते ठेवू, या दोनांत तिने कुठलंही निवडलं तरी मी तिच्या बाजूची.

तिला 34 व्या आठवड्याच्या आत घेऊन ये. चाकणला दोन-दोन तास गाडी अडकते, संगमनेरच्या पुढे रस्त्यात चांगलं हॉस्पिटल शोधत बसायची वेळ येऊ नये. निघायच्या आधी बीपी तपासून घे. मधल्या काळात डोकं दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, चेहऱ्या-हातांवर सूज दिसली, बाळ कमी हलतंय असं वाटलं, पाणी गेलं किंवा थेंबभरही रक्त दिसलं, तर मला फोन करण्याआधी तिला दवाखान्यात ने. बीपी 140/90 झालं तरी तसंच, रविवार असो की रात्र.

सगळे कागद मूळ घेऊन या, सोनोग्राफीच्या फिल्मसकट. मोबाईलमधले फोटो मला पाठवतोस ते ठीक, पण बॅटरी संपलेला फोन लेबर रूममध्ये काही कामाचा नाही. माता-बाल संरक्षण कार्ड तिकडे अजून काढलं नसेल तर आशाताईंना किंवा महापालिकेच्या दवाखान्यात विचारून काढून घ्या. सगळ्यात वर एक कागद ठेव, त्यावर मोठ्या अक्षरात बी निगेटिव्ह, अँटी-डी दिल्याची तारीख, शेवटचं हिमोग्लोबिन आणि तिला कुठल्या औषधाची अॅलर्जी आहे ते लिही. ती पेनिसिलीनचं काहीतरी म्हणत होती, ते डॉक्टरांकडून पक्कं करून घे.

तुझी,
आई