इतिहास आणि निबंध एकाच वहीत

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

घरीच शिकणाऱ्या मुलांविषयीची जी पत्रे आपल्या स्तंभात अधूनमधून येतात, त्यांतली बहुतेक गणित आणि विज्ञानाचे कसे होणार या एकाच काळजीभोवती फिरतात. इतिहास घरी वाचून होतो आणि निबंध काय कुणालाही लिहिता येतो, असे गृहीत धरलेले दिसते. मी हे दोन्ही विषय शाळेत शिकवून निवृत्त झाले असून गेली चार वर्षे दर शनिवारी तेरा ते सोळा वर्षांची, शाळेत न जाणारी सहा मुले माझ्याकडे येतात. त्यांच्यासाठी मी दोन विषयांची वही एक केली. त्या वहीविषयी हे पत्र आहे.

सुरुवात १९७२च्या दुष्काळापासून केली, कारण तो सोसलेली माणसे अजून घराघरांत आहेत. आजी-आजोबांना विचारून एक पान लिहून आणायचे होते. पंधरा वर्षांच्या एका मुलाने लिहिले, 'दुष्काळ अत्यंत भीषण होता. जनता होरपळून निघाली.' त्याची आजी सोलापूर जिल्ह्यातली आणि तिने दुष्काळी कामावर खडी फोडलेली. पण त्या पानात आजी कुठेच नव्हती. मी विशेषणांवर बंदी घालून त्याला पुन्हा तिच्याकडे पाठवले. हातात काय होते, पोटात काय गेले, पाणी कुठून आणले, एवढेच विचारायचे. पुढच्या शनिवारी आलेल्या पानात घशाखाली न उतरणारी तांबड्या मिलो ज्वारीची भाकरी होती, उन्हाने तापलेला हातोडा होता आणि कामावर मिळालेली सुकडी, म्हणजे कोरडा पौष्टिक खाऊ, स्वतः न खाता पदरात बांधून धाकट्या दिरासाठी घरी नेणारी सोळा वर्षांची सून होती. शेवटी त्याने लिहिले होते, 'आजी तेव्हा माझ्यापेक्षा एकच वर्षाने मोठी होती.' हे वाक्य त्याला कुणी सुचवलेले नव्हते. त्यानंतर रोजगार हमी योजना कशातून उभी राहिली आणि १९७७चा कायदा कशासाठी झाला, हे समजावून द्यायला मला दहा मिनिटे पुरली.

गोष्टी ऐकून सनावळी कशी पाठ होणार, असे पालक विचारतात. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि पुण्यात पूर आला, ही तारीख आमच्या मुलांना पाठ करावी लागली नाही. दोन आजोबांनी पाणी पेठेत शिरल्याची वेळ वेगवेगळी सांगितली आणि दोघेही आपल्या म्हणण्यावर ठाम राहिले, तेव्हा कोण चुकले हे शोधण्यासाठी मुलांनाच जुन्या वर्तमानपत्रांकडे जावेसे वाटले. एक आजोबा नदीच्या जवळ राहत होते आणि दुसरे बरेच आत, त्यामुळे कदाचित दोघेही खरेच सांगत असतील, हे त्यांना आठवडाभराने सुचले. साधनांची चिकित्सा म्हणून इतिहासकार जे करतात, त्याचा आरंभ याहून वेगळा नसावा.

मनापासून लिहिणे म्हणजे गहिवरून लिहिणे, हा समज मुलांच्या मनात आपणच रुजवलेला आहे. तो उपटण्यासाठी मी दोन जुने मजकूर वापरते. पहिला पानिपतच्या पराभवानंतर, १७६१ साली, उत्तरेकडे निघालेल्या नानासाहेब पेशव्यांच्या हाती पडलेल्या सावकारी चिठ्ठीचा. मोती गळाले, मोहरा हरवल्या आणि चांदी-तांब्याची तर गणतीच नाही, अशा हिशेबाच्या भाषेत तीत मृतांची बातमी आहे. रडण्याचा एकही शब्द नसताना हे वाचून गलबलून का येते, यावर आमचा अख्खा तास गेला. दुसरा मजकूर मुक्ता साळवे यांच्या निबंधाचा. फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या या चौदा वर्षांच्या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय' या नियतकालिकात छापून आला. आमचा धर्म कोणता, हे ती थेट देवाला विचारते. आणि बाळंत होणाऱ्या बायकांच्या घरावर छप्परसुद्धा नसते, तेव्हा थंडी-पाऊस-वाऱ्यात त्यांचे काय होत असेल, हे वाचणाऱ्याला विचारते. माझ्याकडची चौदा वर्षांची मुलगी तो वाचून बराच वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, 'बाई, हिला निबंधाचे मुद्दे कुणी दिले असतील?' मी उत्तर दिले नाही.

एका प्रचलित प्रकाराला मात्र माझा विरोध आहे. 'मी मावळा असतो तर' किंवा 'किल्ल्याचे मनोगत' लिहायला सांगणे ही सर्जनशीलता समजली जाते, आणि हाती पडतात ते चित्रपटातले संवाद. कल्पनेला मज्जाव असावा असे मी म्हणत नाही. तिला खुंटा हवा. सावित्रीबाईंनी १८६८ साली नायगावहून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात गणेश आणि शारजा या भिन्न जातींतल्या प्रेमिकांना गावकऱ्यांच्या तावडीतून सोडवल्याची हकिकत आहे. या पत्राला जोतीरावांचे उत्तर लिहायचे, पण लिहून झाल्यावर जे पुराव्याने ठाऊक आहे त्याखाली निळी रेघ आणि जे आपण रचले त्याखाली तांबडी रेघ ओढायची, असा नियम मी घातला. एका मुलीचे पान वरपासून खालपर्यंत तांबडे झाले. तिने ते स्वतःच बाजूला ठेवले आणि शारजाला उद्देशून दुसरे पत्र लिहिले, ज्यात नुसते प्रश्न होते; कारण शारजाला स्वतःला काय वाटले, हे आपल्याला कुणी सांगितलेलेच नाही. चार वर्षांत वाचलेले सर्वांत चांगले लिखाण मी तेच मानते.

परीक्षेचे म्हणाल, तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या माध्यमिक परीक्षेला वयाची चौदा वर्षे पूर्ण झाल्यावर बसता येते आणि ती वर्षातून दोनदा होते. तिथे मुद्देसूद उत्तरे लागतात. त्यांचा सराव शेवटच्या काही महिन्यांत करून घेता येतो.

खरी अडचण वेगळीच आहे. पानशेतच्या पुराचे अंक पाहण्यासाठी ही मुले एका ग्रंथालयात गेली, तेव्हा त्यांच्याकडे शाळेचे पत्र मागण्यात आले. शाळाच नाही म्हटल्यावर कर्मचाऱ्याने सौजन्याने, पण ठामपणे नकार दिला; त्याच्यापुढे नियम होता, त्यामुळे मी त्याला दोष देत नाही. पालकांचे ओळखपत्र आणि लेखी हमी घेऊन चौदा वर्षांवरील मुलांना वाचनकक्षात बसू द्यावे, अशी विनंती मी ग्रंथालयांच्या चालकांना आपल्या स्तंभातून करू इच्छिते. आपल्या दैनिकाचे जुने अंक पाहायला महिन्यातून एखादा शनिवार आपण या मुलांना देऊ शकाल काय? पेन्सिलीच आणतील, शाईचे पेन आणणार नाहीत, एवढे मी त्यांच्या वतीने कबूल करते.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका, पुणे