लांबचं रोम, पेन्सिलीने

चि. सईस,
अनेक आशीर्वाद.

तुलूझहून मोंतोबां रेल्वेने जेमतेम अर्ध्या तासावर आहे, तेव्हा तिथलं अँग्र या फ्रेंच चित्रकाराचं संग्रहालय चुकवू नकोस. 1780 साली तो त्याच गावात जन्मला आणि आपली चार हजारांहून जास्त रेखाचित्रं गावालाच देऊन गेला. लोक त्याने काढलेल्या माणसांपुढे थांबतात. तू रोमची दृश्यं शोध. 1806 मध्ये तो रोमला गेला. पिंचो टेकडीवरच्या व्हिला मेदिचीत, म्हणजे तिथल्या फ्रेंच कला अकादमीत, राहायचा, तिथून अख्खं शहर दिसतं. (त्या गठ्ठ्यातली काही चित्रं दुसऱ्या कुणाच्या हातची आहेत, असं अभ्यासक मानतात. असोत.) कागदावरची कामं बारमाही लावून ठेवत नाहीत, म्हणून निघण्याआधी चौकशी कर.

दालनात उजेड मंद असेल, साधारण 50 लक्स. ग्रॅफाइट, म्हणजे पेन्सिलीचं शिसं, फिकं पडत नाही, पण उजेडाने कागद पिवळा पडतो. डोळे सरावू देत, मग हातभर अंतरावर ये आणि जरा बाजूला सरक. दिव्याचा उजेड समोरून पडला की ग्रॅफाइट चमकतं आणि नाजूक रेघ नेमकी हरवते.

आधी सगळ्यात लांबचे घुमट आणि छपरं बघ. रेघ फिकी असेल, पण भुरकट नाही. लांबचं म्हणजे पुसट, ही आपल्याला इंटरमिजिएटच्या परीक्षेपासून लागलेली खोड: 6बीची मऊ पेन्सिल घ्यायची, बोटाने घासायचं, झालं धुकं तयार! चांगल्या हातात छपराची कड स्वच्छ राहते आणि भिंत खाली येता येता सुटून जाते. नजरेलाही तसंच दिसतं, कारण धूळ आणि बाष्प खाली दाट, वर विरळ. मग खिडक्या बघ. जवळच्या घराला चौकट, त्यामागच्या घराला नुसती आडवी टिंबं, त्याहून लांब काहीच नाही. उन्हाची बाजू म्हणजे कोरा कागद.

अशा रेघेला टणक शिसं लागतं. इंग्लंडशी युद्ध जुंपल्यावर फ्रान्सला तिकडचं ग्रॅफाइट मिळेना, तेव्हा 1795 मध्ये काँते या फ्रेंच संशोधकाने ग्रॅफाइटची पूड चिकणमातीत मळून भाजली. माती जास्त तेवढं शिसं टणक. आपल्या पेन्सिलींवरचे एच (टणक) आणि बी (मऊ) त्याच हिशोबाचे. कागदही गुळगुळीत हवा. खरखरीत कार्ट्रिजवर रेघ दाण्यादाण्यावर तुटते.

घरी आल्यावर पंधरा सेंटिमीटर रुंदीची एक नक्कल कर. लांबचं 4एचने, मधलं 2एचने, एचबी फक्त पुढच्या झाडांना. शार्पनर नको, ब्लेडने दीड सेंटिमीटर शिसं उघडं कर, पॉलिश पेपरवर टोक काढ आणि दर काही रेघांनी ते पुन्हा घास. हाताखाली कोरा कागद ठेव. 4एच दाबलीस तर कागदात चर पडतो, आणि वरून गडद पेन्सिल फिरवली की चरात ती पोचत नाही, पांढरी रेघ उमटते. खोडरबराने तो चर जात नाही, उलट कागदाला लव सुटते. गडद हवं असेल तर जोर न लावता रेघा जवळजवळ घाल.

संग्रहालयात बसून काढायचं असेल तर शाईपेन पिशवीतच राहू दे, पेन्सिल चालते का ते दाराशी विचार.

तुझी,
आई